क्रमांक सगळ्यात शेवटी लिहा: भारतीय फुटबॉलचा तक्ता मांडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिडकोतल्या तुमच्या शाळेत २९ ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनासाठी सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स करायचा आहे. विषय, भारतीय फुटबॉल संघाची मोठ्या स्पर्धांतली वाटचाल. मुलांनी चार ठिकाणांहून माहिती आणली आणि चारही एकमेकींशी भांडतायत. एकीत भारत आशियाचा उपविजेता, दुसरीत साखळीतच गारद. एकीत ऑलिम्पिकमध्ये चौथा, दुसरीत एकाच सामन्यात दहा गोल खाल्लेला. आणि १९५० चा विश्वचषक बूट नव्हते म्हणून हुकला, हे मात्र चारही ठिकाणी. तुम्ही विचारलंय, यातलं खरं कोणतं?

सर, बुटांचं सोडलं तर सगळंच खरं आहे. खोटी माहिती ही तुमची अडचण नाहीच. स्पर्धेत संघ किती होते, भारत तिथवर कसा पोहोचला आणि प्रत्यक्षात किती सामने खेळला, हे न सांगता प्रत्येक यादीने थेट क्रमांक लिहून टाकलाय, खरा घोळ तिथे आहे. आपल्याकडे लासलगावचा कांद्याचा भाव पेपरात येतो तेव्हा शेजारी आवक छापलेली असते, किमान आणि कमाल भावही असतो. नुसत्या सरासरीवरून कोणी गाडी भरत नाही. क्रमांकाचंही तसंच. म्हणून तक्ता भरताना आधी सामने लिहा, मग गोल, आणि क्रमांक सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल: 'भारतीय संघ' म्हणजे कोणता? ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा फुटबॉल १९९२ पासून २३ वर्षांखालच्यांचा झाला, आशियाई क्रीडा स्पर्धेत २००२ पासून. त्यामुळे अलीकडे हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सौदी अरेबियाकडून ०-२ ने हरलेला संघ आणि १९६२ मध्ये जकार्त्यात सुवर्ण जिंकलेला संघ एकाच स्तंभात बसत नाहीत. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता, म्हणून मुलांना तो फलकावर हवाच असणार. जरूर घ्या, पण वेगळ्या चौकटीत: तीन सामने, तीन पराभव, १ गोल केला, ९ खाल्ले. तो एक गोल जॅक्सन सिंगचा, कोलंबियाविरुद्ध. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. महिला संघाला तर स्वतंत्र फलकच द्यावा. कोपऱ्यात दोन ओळी कोंबण्यापेक्षा ते बरं. मुख्य तक्ता फक्त पुरुषांच्या वरिष्ठ संघाचा ठेवा आणि तसं शीर्षकातच लिहा.

आता आशिया चषक, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. भारत मुख्य स्पर्धेत पाच वेळा खेळला: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३.

१९६४ चं 'उपविजेतेपद' जवळून पाहा. स्पर्धा इस्रायलमध्ये, संघ फक्त चार: यजमान इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. पात्रतेच्या वेळी आपल्या गटातल्या बाकीच्या संघांनी माघार घेतली, त्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. चौघांनी एकमेकांशी एकेक सामना खेळायचा आणि ज्याचे गुण जास्त तो विजेता, अशी रचना होती. अंतिम सामना असा नव्हताच. २७ मे रोजी भारताने कोरियाला २-० ने हरवलं, २९ मे रोजी इस्रायलकडून ०-२ ने हार खाल्ली आणि २ जूनला हाँगकाँगवर ३-१ ने मात केली. इस्रायलचे ६ गुण, भारताचे ४, कोरियाचे २. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळत. म्हणून जुन्या आणि नव्या स्पर्धांचे गुण एका स्तंभात लिहू नका. विजय, बरोबरी, पराभव लिहा. आणि 'अंतिम फेरीत हरला' हे वाक्य कोणी लिहिलं असेल तर सरळ खोडा.

एवढं वाचून 'म्हणजे उपविजेतेपद फुकटचंच की' असं वाटेल. तसं नाही. कोरियाने आधीचे दोन्ही आशिया चषक जिंकले होते, १९५६ आणि १९६० चा. त्या संघाला दोन गोलांनी हरवणं ही त्या स्पर्धेतली खरी कमाई, आणि नुसता 'उपविजेता' लिहिला की नेमकी तीच दिसत नाही. इंदर सिंग दोन गोलांसह सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला होता. कर्णधार चुनी गोस्वामी, प्रशिक्षक हॅरी राइट.

१९८४ ला सिंगापूरमध्ये दहा संघ, पाच-पाचचे दोन गट. भारत चार सामने खेळला: सिंगापूरकडून ०-२, अमिरातीकडून ०-२, इराणशी ०-०, चीनकडून ०-३. एकही गोल नाही, पण इराणशी बरोबरी. २०११ ला दोह्यात सोळा संघ. तिथे भारत पात्रता गटातून आला नाही. २००८ चा एएफसी चॅलेंज कप, म्हणजे आशियाई महासंघाची दुसऱ्या फळीतल्या देशांसाठीची स्पर्धा, जिंकल्यामुळे थेट प्रवेश मिळाला होता. त्या अंतिम सामन्यात दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१ ने हरवताना सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली होती. दोह्यात मात्र ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४.

२०१९ ची ओळ भरताना थोडं थांबा. 'गटात शेवटचा' म्हणून ती पटकन भरली जाते, आणि मला विचाराल तर या पाच ओळींमधली सगळ्यात चुकीची वाचली जाणारी ओळ हीच. अमिरातीत स्पर्धा, संघ चोवीस. थायलंडला ४-१ ने हरवलं: छेत्री दोन, अनिरुद्ध थापा आणि जेजे प्रत्येकी एक. मग अमिरातीकडून ०-२. शेवटच्या सामन्यात बहरीनशी ९० मिनिटांपर्यंत ०-० होतं. सहा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या सहापैकी चार संघांना पुढची फेरी मिळणार होती आणि ती बरोबरी टिकली असती तर भारताचे ४ गुण होऊन तो बाद फेरीत गेला असता. ९० मिनिटं उलटल्यावर बहरीनला पेनल्टी मिळाली, सामना ०-१ झाला आणि ३ गुणांवर भारत गटात तळाला. अमिराती ५, थायलंड ४, बहरीन ४, भारत ३. वरचा आणि खालचा यांच्यात दोनच गुण. 'गटात चौथा' हे दोन शब्द यातलं काहीच सांगत नाहीत.

२०२३ च्या स्पर्धेत वर्षाचा घोटाळा होतो. स्पर्धेचं नाव २०२३, पण ती कतारमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. एक मुलगा २०२३ लिहितो, दुसरा २०२४, आणि तक्त्यात एकाच स्पर्धेच्या दोन ओळी होतात. नाव २०२३ ठेवा, कंसात 'सामने जाने. २०२४' लिहा. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. २०२७ साठी भारत पात्र ठरला नाही. पात्रता गटात सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश, तिघांविरुद्धही एकेक हार झाली. पण पात्रता फेरीचे सामने या तक्त्यात घेऊ नका. एकदा ते घेतले की सगळ्याच वर्षांचे घ्यावे लागतील आणि सहा बाय चार पुरणार नाही.

ऑलिम्पिकच्या ओळी चार. १९४८ ला लंडनमध्ये फ्रान्सकडून १-२ अशी हार, भारताचा गोल सारंगपाणी रामन यांचा. त्या सामन्यात आपण दोन पेनल्टी वाया घालवल्या आणि फ्रान्सचा विजयी गोल अगदी शेवटी झाला. संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. कर्णधार टालिमेरेन आव. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून १-१०, आपला एकमेव गोल अहमद खान यांचा. हा आकडा बघून मुलं हसतात. शेजारी एवढंच लिहा, की याच युगोस्लाव्हियाने पुढे रौप्यपदक जिंकलं. त्या स्पर्धेनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

१९५६ चं मेलबर्न म्हणजे तो प्रसिद्ध चौथा क्रमांक. मुख्य स्पर्धेत अकराच संघ उरले होते. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबरला उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियावर ४-२ ने विजय, त्यात नेव्हिल डिसूझा यांची हॅट्ट्रिक. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. ४ डिसेंबरला उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल नेव्हिल यांनीच केला, म्हणजे काही मिनिटं का होईना, भारत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीच्या वाटेवर होता. मग युगोस्लाव्हियाने चार गोल केले, १-४. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारे ठरले. ते मूळचे गोव्याचे, पण त्यांचं क्लब फुटबॉल मुंबईत गेलं, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी.

आता ही ओळ प्रामाणिकपणे भरली तर काय दिसतं? तीन सामने, एक विजय, दोन पराभव, ५ गोल केले, ९ खाल्ले. एका विजयावर चौथा क्रमांक. उलट १९६० ला रोममध्ये सोळा संघ होते, चार-चारचे चार गट आणि प्रत्येक गटातून एकच संघ पुढे. भारत हंगेरीकडून १-२ ने, पेरूकडून १-३ ने हरला आणि फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. गटात शेवटचा. कागदावर चौथा क्रमांक आणि गटात तळ यांत जमीन-अस्मानाचं अंतर वाटतं. पण मेलबर्नला ज्यांच्याकडून हार झाली त्यांच्याशी गोलफरक होता तीन-तीनचा. रोमला हंगेरीशी एकाचा आणि पेरूशी दोनाचा. त्यातल्या हंगेरीने त्या वर्षी कांस्यपदक मिळवलं. माझ्या मते १९६० चा संघ १९५६ च्या संघापेक्षा कमी नव्हता, कदाचित सरसच होता. तुम्हाला पटेलच असं नाही. पण मुलांना वाद घालता येईल एवढी माहिती तरी फलकावर असावी.

आशियाई क्रीडा स्पर्धेत चार ओळी पुरतात: १९५१ सुवर्ण, १९५८ चौथा, १९६२ सुवर्ण, १९७० कांस्य. १९५१ ला दिल्लीत सहाच संघ होते. इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असं हरवलं. विजयी गोल साहू मेवालाल यांचा, कर्णधार शैलेन मन्ना. तीन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही.

जकार्त्याचं १९६२ चं सुवर्ण मात्र पाच सामन्यांचं. सुरुवातच दक्षिण कोरियाकडून ०-२ अशा हारेने. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२. अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच कोरिया, आणि या वेळी २-१, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांचे. जर्नैल सिंग खरे बचावपटू. थायलंडविरुद्ध डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्यांना शेवटच्या दोन सामन्यांत पुढे आघाडीला खेळवलं आणि दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केला. भारतीय फुटबॉलमधली सर्वोत्तम कामगिरी कोणती असं कोणी विचारलं तर मी मेलबर्नचं नाव घेणार नाही, हे घेईन. आठ संघ, पाच सामने, चार विजय, ११ गोल केले, ६ खाल्ले, आणि ज्याने हरवलं त्यालाच अंतिम सामन्यात हरवलं. एक व्यावहारिक सूचना: 'दक्षिण व्हिएतनाम', 'युगोस्लाव्हिया', 'ब्रह्मदेश' ही नावं तेव्हाची होती तशीच ठेवा. आजची नावं घातलीत तर कोणीतरी हटकून चूक काढेल, आणि ते बरोबरच असेल.

राहिला १९५० चा विश्वचषक. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्याने भारत न खेळताच पात्र ठरला. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात नावही पडलं, आणि मग भारताने माघार घेतली. अनवाणी खेळू देणार नव्हते म्हणून गेलो नाही, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण त्या निर्णयाचा भार तिच्यावर टाकता येत नाही. महासंघाने तेव्हा दिलेली कारणं होती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला न मिळालेला वेळ. शिवाय त्या काळी आपल्याकडे ऑलिम्पिकला विश्वचषकापेक्षा जास्त मान होता. फलकावर 'पात्र, पण माघार. सामने ०' एवढंच लिहा. बुटांची गोष्ट मुलांना सोडवत नसेल तर खाली 'प्रचलित आख्यायिका' म्हणून घ्या, कारणाच्या रकान्यात नको. त्यानंतर भारत विश्वचषकाची पात्रता फेरी खेळला तो थेट १९८६ च्या स्पर्धेसाठी.

जाता जाता: सॅफची, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेची, नऊ विजेतेपदं आणि नेहरू चषकाची तीन या तक्त्यात घालू नका. ती कमी प्रतीची आहेत असं नव्हे, स्तर वेगळा आहे. आणि १९५६ च्या संघाला 'जगात चौथा' म्हणू नका. फिफाची क्रमवारीच १९९२ च्या अखेरीस सुरू झाली. त्या क्रमवारीत भारताचा सर्वोत्तम क्रमांक ९४ वा, फेब्रुवारी १९९६ मधला.

आता मांडणी. रकाने आठ: वर्ष, ठिकाण, मुख्य स्पर्धेतले संघ, प्रवेश कसा मिळाला, सामने, विजय-बरोबरी-पराभव, गोल केले-खाल्ले, आणि शेवटचा 'कुठवर पोहोचला'. पुढे चाल मिळालेला सामना 'सामने' मध्ये मोजायचा नाही, तो 'प्रवेश' च्या रकान्यात. ओळी होतात चौदा: ऑलिम्पिक ४, आशियाई क्रीडा ४, आशिया चषक ५, विश्वचषक १. त्यात ऑलिम्पिक आणि आशिया चषकाच्या बेरजेची एकेक ओळ आणि रकान्यांच्या नावांची एक, म्हणजे सतरा. फलक आडवा धरला तर उंची ४८ इंच. वर शीर्षकाला सहा आणि खाली टिपांना चार इंच सोडले की ३८ उरतात. प्रत्येक ओळीला सव्वादोन इंचांच्या आसपास. रुंदी ७२ इंच, आठ रकाने, सरासरी नऊ इंच. पण 'वर्ष' आणि 'सामने' पाच-पाच इंचांत बसवून उरलेली जागा 'प्रवेश' आणि 'कुठवर' ला द्या.

अक्षर एक इंच असेल तर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, असा ढोबळ हिशेब. तुम्हाला पाऊण इंच पुरेल, सात फुटांवरून दिसेल. इथे एक फसगत नेहमी होते. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणून पाऊण इंचाला ५४ पॉइंट धरतात. पण फाँटच्या त्या मापात वरच्या वेलांटी-मात्रांची आणि खालच्या उकारांची जागाही धरलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष अक्षर बरंच लहान येतं. 'पराभव' हा शब्द घरच्या प्रिंटरवर शंभर टक्के आकारात काढा, शिरोरेषेपासून 'प' च्या पायापर्यंत पट्टीने मोजा आणि त्यावरून आकार वाढवा. फोटो घालणार असाल तर छापाईच्या आकाराला इंचामागे किमान ७२ पिक्सेल हवेत. एक फूट रुंद फोटोला ८६४. मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेले १९५६ चे फोटो त्यात बसत नाहीत, धुरकट येतात.

फ्लेक्सच्या दुकानात मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला की 'र्नै', 'स्त्रा', 'क्र' अशी जोडाक्षरं फुटतात आणि कधी कधी देवनागरी आकडेही जागा बदलतात. फाइल पीडीएफ करून द्या, आणि छापण्याआधी एका मुलाला मूळ तक्ता मोठ्याने वाचायला लावून दुसऱ्याला पडद्यावर ताडून बघू द्या. मग बेरजा. ऑलिम्पिक: ८ सामने, १ विजय, १ बरोबरी, ६ पराभव, १० गोल केले, २७ खाल्ले. आशिया चषक: १६ सामने, ३ विजय, १ बरोबरी, १२ पराभव, १२ गोल केले, ३३ खाल्ले. दुसरी बेरीज १५ सामन्यांवर अडली तर आधी १९८४ ची ओळ बघा. बाकीच्या चारही वेळी भारत तीनच सामने खेळला, म्हणून तिथेही सवयीने ३ लिहिला जातो. तो गट पाच संघांचा होता.